जिंजीला निघाले आणि रेळीत अडकले

मी एक जुनी मोटारसायकल आहे, पण मित्रांनो, ‘जुनी’ ऐकून लगेच हळहळू नका! माझं इंजिन अजून खणखणीत आहे, आणि टाकीवरचा लाल रंग बघून तुम्हांला हात फिरवावासा वाटेल, पैज लावते. माझं दुखणं वेगळंच होतं. मी जन्मले लांबच्या प्रवासासाठी आणि अडकले तंजावरच्या एका घराच्या रेळीत. रेळी म्हणजे रस्त्यावरच्या दारापासून आतल्या अंगणापर्यंतची अरुंद वाट. इकडे भिंत, तिकडे भिंत, मध्ये मी.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा काय थाट होता! माझ्याबरोबरच्या गाड्या कुणी डोंगरांत गेल्या, कुणी समुद्रकाठी. मला घेतलं वरुणरावांनी. ते विमा कचेरीत नोकरीला. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, साहेबापुढे इंग्रजी, अशा तीन भाषा रोज फिरवणारा माणूस. आपले पूर्वज जिंजीच्या किल्ल्यावरून इकडे आले, असं त्यांच्या घरात सगळे सांगत. म्हणून मला आणल्याबरोबर त्यांनी जाहीर करून टाकलं, “हिला घेऊन जिंजीला जायचं!” त्यांची बायको नागलक्ष्मी हिने माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. मी ती झोकात चिरडली, आणि नागलक्ष्मी पदर खोचून मागे बसली.

नागलक्ष्मी तिरुवैयारूच्या एका शाळेत गाणं शिकवते. वरुणराव तिला माझ्यावरून सोडायला जात. कावेरीच्या पुलावर वारा लागला की ती आपोआप गुणगुणू लागे, आणि माझं इंजिन खालून सूर धरी. (मला तसं वाटे. तिला विचारलंत तर ती म्हणेल, मी बेसूर होते!)

मग पापनाशमच्या रस्त्यावर ते घडलं. आमच्याकडे सुगीत लोक उडदाची वाळलेली झुडपं रस्त्यावरच पसरतात. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात आणि दाणे सुटतात. त्या झुडपांवरून माझं मागचं चाक घसरलं. वरुणराव, नागलक्ष्मी आणि मी, तिघंही आडवे! नागलक्ष्मीचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही. केसांत अडकलेल्या शेंगा काढताना तिला हसूच आवरेना. वरुणराव मात्र हसले नाहीत. घरी येईपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या गियरच्या वर जाऊच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळी टाकून त्यांनी मला उंबऱ्याआत चढवलं. “हिला आधी जरा मजबूत करूं, मग जिंजी,” म्हणाले. आणि सुरू झाला तो न संपणारा वाद, आधी काय बसवायचं?

“आधी गार्ड! पडली तरी पाय वांचेल,” वरुणराव म्हणाले.

“आधी दिवे! पुढचं दिसलं तर पडेल कशाला, भावोजी?” हे रघोजीमामा, नागलक्ष्मीचे भाऊ. त्यांना स्वतःला साधी सायकलही धड येत नाही.

शेवटी सगळंच बसलं. लोखंडी गार्ड, पिवळे दिवे, समोरची उंच काच, मागे दोन्ही बाजूंना टणक पेटारे. बाहेर नेली तर ओरखडा पडेल, म्हणून मेकॅनिकलाच घरी बोलावत. प्रत्येक वस्तू आली की वाटे, आता निघणार! आणि प्रत्येक वेळी वरुणराव मागे सरकून मला न्याहाळत आणि म्हणत, “अजून एक राहिलं.”

रविवारी ते मला रेळीतच सुरू करत. घरभर धूर!

“अहो, डास मरतात हें खरं,” आतून नागलक्ष्मी खोकत ओरडे, “पण त्यांच्याबरोबर आम्हीही जातों!”

मित्रांनो, अडकणं म्हणजे काय ते मला विचारा. दार उघडलं की रस्त्याचा एवढासा तुकडा दिसे. दारापुढे कोलमची रांगोळी काढणारे हात दिसत, शाळेला पळणारे पाय दिसत. बस दिसत नसे, तिचा नुसता भोंगा ऐकू येई. नागलक्ष्मी आता त्या बसनेच शाळेला जाई. माझ्या आरशांवर छत्र्या लटकल्या, पेटाऱ्यांवर धुणं वाळलं. एकटी भवानी तेवढी माझी होती. ही त्यांची अकरावीतली लेक. माझ्या सीटवर बसून ती इतिहास पाठ करी, आणि सनावळ्या विसरली की तोंडाने ‘ढुर्रर्र’ करी.

“अप्पा, हिला आता तुळशीवृंदावन तेवढं बसवायचं राहिलंय,” ती एकदा म्हणाली. “म्हणजे अम्मा प्रदक्षिणा तरी घालील!”

वरुणराव हसले नाहीत.

मग एक दिवस रघोजीमामा म्हणाले, “भावोजी, विकून टाका. जागा तरी मोकळी होईल.” आणि वरुणराव, माझे वरुणराव, “बरं” म्हणाले! मला तर पेट्रोल गोठल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी कुंभकोणमहून सतीशकुमार नावाचा तरुण आला. पायरीखाली चपला काढून त्याने मला निरखलं आणि तमिळमध्ये म्हणाला, “एक फेरी मारून बघतो.”

सगळ्यांनी मिळून मला ढकललं. ठण्ण! गार्ड चौकटीवर आपटला. मागे घेतलं, तिरकं केलं, पुन्हा ढकललं. ठण्ण! मी आत आले तेव्हा सडपातळ होते हो! इतकी वर्षं मला आतल्या आत रुंद करत गेले, आणि दार मात्र होतं तेवढंच राहिलं.

“अय्यो,” भवानी मट्कन पायरीवर बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “अप्पा, आता घर विकूं या कां, गाडीसकट?”

“हसतेस काय गो? पाना आण!” मामा ओरडले.

आता नवा वाद लागला, आधी काय काढायचं? पेटारे निघाले. ठण्ण! काच निघाली, दिवे निघाले. शेवटी वरुणरावांनी स्वतःच्या हाताने गार्डही सोडवला, तेव्हा कुठे मी उंबरा ओलांडला. ऊन! किती वर्षांनी अंगावर ऊन पडलं! आणि त्या उन्हातच मला दुसऱ्याची व्हायचं होतं.

भवानी माझ्या चाकापाशी वाकली. तिने टायरवर नख फिरवलं आणि तिचं हसू थांबलं. “अप्पा, याला भेगा गेल्यात. इतकं सगळं नवं बसवलंत, आणि जमिनीला टेकतं तेवढंच जुनं ठेवलंत?”

“टायर मी बदलीन. किल्ली द्या,” सतीशकुमार म्हणाला.

वरुणरावांनी किल्ली पुढे केली.

“थांबा.” नागलक्ष्मी दारात उभी होती. “आधी काय बसवायचं तें तुम्ही रघोजीला विचारलांत, मेकॅनिकला विचारलांत. मागं बसायची मी. मला विचारलांत कां?”

“तुला कसं विचारूं?” वरुणराव खाली बघत म्हणाले. “मीच पाडलं तुला. वाटलं, तू परत बसणार नाहीस.”

“मी कधी नको म्हटलं? तुम्हीच बोलवायचं सोडलांत. वाट बघून बघून मी बसचा पास काढला!” तिने त्यांच्या हातातली किल्ली घेतली. “आधी टायर. मग मी. बाकीचं राहूं दे.”

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. मग सतीशकुमारच हसला. नागलक्ष्मीने त्याला डबऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या पितळी वाटी-पेल्यात, गरम कॉफी दिली. ती पिऊन तो गेला, आणि जाताना पेटारे मात्र मागून विकत घेऊन गेला!

मला नवे टायर मिळाले. पुढच्या रविवारी आम्ही तिरुवैयारूला निघालो, तर वाटेत तेच! रस्ताभर उडदाची झुडपं. वरुणरावांनी गियर खाली आणला. त्यांनी वेग अगदी कमी केला. मागून नागलक्ष्मी ‘सावकाश’ म्हणाली नाही की खांदाही दाबला नाही. ती गुणगुणू लागली. चाकांखाली शेंगा तडतडल्या, आणि आम्ही पार झालो. मी बेसूर असेन तर असेन, मीही गात होते!

आता मी ओट्याखाली, रस्त्यालगत उभी असते. दोन ओरखडेही पडलेत. पडूं देत.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी उभी असेल. तिला नटवत बसू नका. तिची चाकं बघा, ब्रेक बघा, तिला वाऱ्यावर घेऊन जा, आणि मागे बसणाऱ्या माणसाला आधी विचारा. जिंजी अजून लांब आहे, मला ठाऊक आहे. पण आता मी दारातून मावते.