बोअरच्या पाण्यातले मासे

टक्.

दुपारची वीज गेली होती. कूलर बंद, पंखा बंद, माशांच्या टाकीची मोटरही बंद. घर इतकं गप्प होतं की समोरच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंचा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. त्यात हा आवाज. काचेवर खडा आपटल्याचा.

मी शिवांशच्या चड्डीत नाडी ओवत बसले होते. बॅगेत भरायला ओवत होते की कपाटात ठेवायला, ते मलाच कळत नव्हतं.

आमच्या माशांना ती सवयच आहे. तोंडात खडे भरून घ्यायचे, दगडाखालची जागा साफ करायची आणि खडे दूर नेऊन थुंकायचे. आफ्रिकन सिक्लिड म्हणतात त्यांना. पिवळे, निळे, नारिंगी, दिसायला नुसती रांगोळी. पण प्रत्येकाचा आपापला दगड असतो आणि दुसरा जवळ आला की भांडण. शिवांशचा छोटा निळा पट्टेवाला मासा मात्र दगडाविना होता. आणल्यापासून वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागं उभा. खाली आला की नारिंगी झेब्रा त्याला हाकलून लावायचा.

टक्.

उठून बघितलं. निळा तिथंच, नळीमागं.

आबा, म्हणजे माझे वडील संगप्पा, संध्याकाळच्या बसनं लातूरहून येणार होते. शाळा उघडायला आल्या होत्या. शिवांश नांदेडला राहणार की आबांबरोबर परत जाणार, ते आज ठरणार होतं.

माझं हे दुसरं लग्न. शिवांश चार वर्षांचा असताना त्याचे पप्पा गेले. इकडं रविकिरणची पहिली बायको गेलेली, पदरात सृष्टी. ती मला काकू म्हणते. आमच्या लोकांत बाईचं दुसरं लग्न लागतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. आधीचं लेकरू मात्र आजोळी राहतं. त्याचंही कुणाला काही वाटत नाही. बैठकीत रविकिरणच म्हणाले होते, "सुट्टीत येऊ द्या त्याला. रमला तर इथंच शाळेत घालू." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही रमला तर काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

टाकी सृष्टीच्या आईची. तिनं कधीतरी गोल्डफिश पाळले होते. ती गेल्यावर टाकी माळ्यावर गेली. शिवांशनं आल्या आल्या ती बघितली आणि मासे आणू, मासे आणू म्हणून रविकिरणच्या मागं लागला. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट दोघं लेकरं मिळून करतील.

"टाकी माझ्या आईची हाय," सृष्टी म्हणाली. "मासे मीच घेणार. लातूरला तर पाणीबी रेल्वेनं आणावं लागतं, ह्याला काय कळतंय माशातलं!"

शिवांश सहा वर्षांचा आणि ती नऊ. तो माझा पदर धरून उभा राहिला.

सासूबाई तर ऐकूनच उडाल्या. त्यांना मी आत्या म्हणते, नाव रत्नम्मा. "मासे? लिंगायताच्या घरात? उद्या कोंबड्या आणा!"

"आत्या, बघायचे मासे आहेत. खायचे नाहीत."

"आपण न्हाई खायचे, पण ते काय खातेत? किडेच ना?"

त्याच प्रश्नासाठी त्या आमच्याबरोबर वजिराबादेतल्या दुकानात आल्या. दुकानदार सोमेश मोठा बोलका माणूस. तो म्हणाला, "मावशी, माझ्याकडं शाकाहारी बी हायत. हे आफ्रिकेतल्या तळ्यातले, दगडावरचं शेवाळ खाऊन राहतात. किडे दिले तर उलट पोट फुगून मरतात."

"खरं सांगून राहिलास ना रं?"

"गल्ल्यावर हात ठेवून सांगतो."

आत्यांचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होत्या, "आमचे मासे लिंगायत हायत बाई."

निवड मात्र सोपी नव्हती. शिवांशचं मन एका मोरपंखी रंगाच्या, लांब पंखांच्या माशावर बसलं. पीकॉक त्याचं नाव. सोमेशनं मान हलवली. "हा गरीब हाय, बेटा. ह्या शाकाहारी टोळीत टाकला तर मारून मारून संपवतील. आणि ह्याला खायला किडे लागतात. एका घरात दोन चुली कशा करायच्या?"

मग बाकीचे सृष्टीनं निवडले. पिवळे लॅब, नारिंगी झेब्रा. शिवांशला सगळ्यात शेवटी एक मिळाला. बोटाएवढा, निळ्यावर काळे पट्टे. सोमेश म्हणत होता की हे चार-सहा मिळून न्या, एकटा नेऊ नका. पण रविकिरणना ऑफिसची घाई होती. "एक नेऊन बघू तर आधी," म्हणाले.

पाण्याचं विचारलं तेव्हा सोमेश खूश झाला. "बोअरचं हाय ना? नळावर पांढरा थर बसतो ना? मग काही बघू नका, ह्यांच्या गावचं पाणी बी असंच जड."

निळ्याची अवस्था पाहून मी नंतर सोमेशला फोन केला होता. तो म्हणाला, "वहिनी, सगळे दगड बाहेर काढा आणि नव्यानं मांडा. कुणालाच आपलं घर ओळखू येत न्हाई, मग नव्याला जागा भेटते." मी सृष्टीला विचारलं. तिनं टाकीसमोर हात पसरले.

"दगडाला हात लावायचा न्हाई. माझ्या आईनं विष्णुपुरीहून आणलेत ते. तिनंच मांडले होते असे."

दगड माळ्यावरच्या पिशवीत होते. तिला त्यांची जागा कशी आठवली असेल? पण मी दगडांना हात लावला नाही. निळा नळीमागंच राहिला. शिवांश रोज सकाळी उठून आधी त्याला बघायचा, मग मला म्हणायचा, "आजपण तिथंच आहे." रडायचा नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

नाडी ओवून झाली. चड्डी मी कपाटातही ठेवली नाही, बॅगेतही नाही. तिथंच खुर्चीवर टाकून गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. उन्हानं दोरीसुद्धा पोळत होती. खाली कुणीतरी भांडं आपटल्यासारखं वाटलं. आत्या उठल्या असतील, म्हटलं. कपडे काढले, उगाच एक-एक झटकला, वाकून रस्त्याकडं बघितलं. आबांच्या बसला अजून वेळ होता.

तेवढ्यात सृष्टीची किंकाळी.

धावत खाली आले. टाकीतले मासे तळाला पडले होते. काही आडवे, काहींचे कल्ले जोरजोरात हलत होते. झेब्रासुद्धा दगडाखालून अर्धा बाहेर, तोंड उघडं. शिवांश टाकीला नाक लावून उभा, हात कोपरापर्यंत ओले.

"ह्यानंच केलं!" सृष्टी ओरडली. "ह्याच्या माशाला मारत होते म्हणून ह्यानं काहीतरी टाकलं!"

"शिवांश, काय टाकलंस पाण्यात?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय विचारलं ते त्याला नीट कळलं होतं. तो आतल्या खोलीत गेला. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

मी त्याच्यामागं वळले. पण मासे मरत होते. पाण्यात हात घातला आणि दचकले. उन्हाळ्यातल्या दुपारी पाणी बर्फासारखं गार.

सोमेशला फोन लावला. "थंड पाणी?" तो ओरडलाच. "कुणी टाकलं? बरं ते जाऊ द्या. अर्धं पाणी काढा. ड्रममध्ये बोअरचं साठवलेलं असंल ते घ्या. तांब्या-तांब्यानं टाका, हळूहळू. एकदम न्हाई हं, वहिनी! आणि दगडाखाली कुणी अडकलं असंल तर दगड काढा."

मी सृष्टीकडं बघितलं. ती क्षणभर थांबली. मग तिनंच पहिला दगड उचलला, दोन्ही हातांनी, आणि ओलाच छातीशी धरला.

"शिवांश!" तिनं आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली. "तांब्या आण! कामून बसलास तिथं?"

तो आला. तांब्या घेऊन आला. ती एकेक दगड काढायची, तो ड्रममधून पाणी आणायचा. मी पाणी उपसत होते. तेवढ्यात आत्या न्हाणीतून तोंड पुसत आल्या.

"अगोबाई, काय झालं?"

"आज्जी, कुणीतरी थंड पाणी टाकलं टाकीत," सृष्टी म्हणाली.

"कुणीतरी कशाला? म्याच टाकलं की." आत्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या जारकडं बोट दाखवलं. विकतच्या पिण्याच्या पाण्याचा रोजचा निळा जार, त्या दिवशी तर गारच आला होता. "लाईट गेली, बिचारे उकाड्यानं तोंड उघडून राहिले होते. म्हटलं, बोअरचं खारट पाणी पितेत दिवसभर. माझ्या लिंगपूजेला जे पाणी चालतं, ते ह्या मुक्या जिवाला कामून देऊ नये? अर्ध्याच्या वर होता, सगळा ओतला बघ."

आत्यांनी आमच्या तिघांच्या तोंडांकडं बघितलं. मग टाकीकडं. मग त्या तिथंच जमिनीवर बसल्या.

शिवांश तांब्या ओतत राहिला. त्याचे हात ओले का होते, हे मी तेव्हा विचारलं.

"निळ्याला वर धरत होतो," तो म्हणाला. "तो खाली पडला होता."

मी त्याच्या केसांवर हात ठेवला. त्यानं मान बाजूला केली आणि पुढचा तांब्या आणायला गेला.

हळूहळू एकेक मासा सरळ झाला. झेब्रा हलला. निळा पोहायला लागला. वीज आली, मोटर गुरगुरली, पाण्यात बुडबुडे उठले. फक्त एक पिवळी उठली नाही. सृष्टीची लाडकी, तिच्या बोटाशी येणारी. सृष्टीनं तिला ओंजळीत घेतलं.

"पुरायला पाहिजे," शिवांश म्हणाला.

मला वाटलं, आता ती त्याच्या अंगावर जाईल. पण ती म्हणाली, "जास्वंदीच्या कुंडीत."

दोघांनी चमच्यानं माती उकरली. मी दारात उभी होते. पिवळीला आडवं ठेवणार तोच सृष्टी थांबली.

"असं न्हाई. बसवायचं असतं."

"मला माहीत आहे," शिवांश म्हणाला. "माझ्या पप्पांना पण बसवलं होतं. आबांच्या खांद्यावरून मी बघितलं."

"मला जाऊ दिलं न्हाई जवळ. मी भिंतीवरून बघितलं. आईच्या कपाळाला इतकी विभूती लावली होती."

"पप्पांना पण. आणि बेलाचं पान."

"हातात?"

"हो, हातात."

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, समाधी देतात, बसवून. ह्या दोघांनी ते दोन गावांत, दोन वेगळ्या दिवशी बघितलं होतं आणि आजवर कुणाशी बोललं नव्हतं. माझ्याशीही नाही. मी तरी कुठं विचारलं होतं?

माशाला काही बसता येत नाही. त्यांनी तिला कुंडीच्या कडेला टेकवून उभी केली, तोंड वर. आत्या आतून विभूतीची वडी घेऊन आल्या. त्यांनी बोट टेकवून पिवळीच्या डोक्यावर राखाडी रेघ ओढली, आणि हात तसाच पदरात लपवला. शिवांशनं जास्वंदीचं पान ठेवलं, बेल नव्हता म्हणून. दोघांनी मिळून माती लोटली.

मग दगड मांडायची वेळ आली. दगड फरशीवर ओळीनं पडलेले, वाळलेले. सृष्टीनं एक उचलला, टाकीत ठेवला, परत काढला.

"हा कुठं होता ते आठवंना," ती म्हणाली.

"इथं ठेव," शिवांशनं कोपरा दाखवला. "खाली भोक राहू दे."

"तुला काय कळतंय?" पण तिनं तिथंच ठेवला. भोक राहू दिलं.

मासे थोडा वेळ गोंधळले. झेब्रा आपलं जुनं घर शोधत तीनदा टाकीभर फिरला. निळा नळीमागून निघाला, खाली आला, परत वर गेला. परत खाली आला. भोकाशी थांबला. आत गेला की नाही ते मला दिसलं नाही, कारण तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि आबांचा खोकला ऐकू आला.

"आबा!" शिवांश ओल्या पायांनी धावत सुटला. आतल्या खोलीच्या दारात त्याची बॅग उभी होती, चेन अर्धवट उघडी, बाहेर शर्टाची बाही लोंबत. ती त्यानं मघाशी भरली होती. आता त्याला तिची आठवण होती की नव्हती, कुणास ठाऊक. बाहेर आबा त्याला म्हणत होते, "काय रं पैलवान? चलायचं का घरी?" आणि तो काय म्हणाला, ते ऑटोच्या आवाजात मला कळलं नाही. मी पुढं जायला पाऊल उचललं.

मागून कुणीतरी माझ्या पदराचं टोक धरलं. ओल्या, चिखलाच्या हातानं. सृष्टीनं आजवर माझ्या साडीला हात लावला नव्हता.

ती माझ्याकडं बघत नव्हती. त्या बॅगेकडं बघत होती.

"काकू," ती म्हणाली, "तो गेला तर तुम्ही बी जाणार का?"