पायी जाता येईल असं चर्च

सुट्टीला कुठे जायचं, हे व्हान खिंकेलांच्या घरी समुद्रावरून किंवा डोंगरावरून ठरत नसे. आधी चर्च ठरे. ते आपल्या पंथाच्या रीतीचं हवं आणि पायी जाता येईल असं हवं, कारण रविवारी गाडी जागची हलवायची नाही, सायकलसुद्धा नाही. असं चर्च सापडलं की त्याच्या आसपास जे काही असेल, तळं, जंगल, नाहीतर नुसती बटाट्याची शेतं, त्याला सुट्टीचं ठिकाण म्हणायचं. एका वर्षी ते सगळे दोन आठवडे साखर कारखान्याच्या भिंतीला लागून राहिले होते. चर्च मात्र उत्तम होतं.

यंदा ठिकाण शोधायचं काम लाइसबेतकडे आलं.

"या वर्षी जागा तू बघ," बाबा म्हणाले. जेवणानंतरचं बायबलवाचन नुकतंच संपलं होतं आणि त्यांचा हात अजून मिटलेल्या पुस्तकावर होता. "नीट जमलं तर ख्रोनिंगनचं बोलू."

ख्रोनिंगनच्या विद्यापीठात लाइसबेतला जागा मिळाली होती. भरती-ओहोटीच्या चिखलात राहणाऱ्या जीवांचा अभ्यास करायचा, आणि त्यासाठी तिथेच खोली घेऊन एकटीने राहायचं. या घरातलं कुणीही लग्नाआधी परक्या गावी राहायला गेलेलं नव्हतं. बाबा 'नाही' म्हणाले नव्हते. ते एवढंच विचारत राहिले होते, की तिथे रविवारी तुझ्याकडे कोण बघणार? म्हणजे ही सुट्टी कसली आहे, ते तिला बरोबर कळलं. एक रविवार तिने एकटीने, न चुकता, मांडून दाखवायचा होता.

ती पद्धतशीर होती. तिने उत्तरेला, वाडन समुद्राच्या बांधाखालचं एक गाव निवडलं, आणि तिथल्या चर्चची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन लावला. स्तोत्रं जुन्या रचनेतलीच गाता ना? बायबल जुन्या भाषांतराचं? बायका हॅट घालतात?

"काही घालतात," ते म्हणाले. "वारा नसेल तर."

"आणि पाळक?"

"आमचे पाळक तुमच्याच वेलुवेकडचे. पण ऑगस्टमध्ये ते सुट्टीवर."

"मग उपदेश?"

"कुणीतरी येतंच गं पोरी. देवाचं वचन सुट्टीवर जात नाही."

शनिवारी दुपारी ते कॅराव्हॅन घेऊन पोचले. मोठा भाऊ डर्क घरी राहिला होता, कारण घरी कोंबड्या होत्या आणि कोंबड्यांना रविवार शिकवता येत नाही. बाबा चहासुद्धा न घेता लाइसबेतला घेऊन चर्चपर्यंत चालत गेले. धाकट्या यानेकेच्या पायांना झेपेल एवढंच अंतर होतं. फाटकाजवळच्या पाटीवर उद्याचं नाव लिहिलेलं होतं: पाळक अ. हुकेमा. अशा पाट्यांवर आद्याक्षर आणि आडनाव एवढंच लिहितात. बाबांना देशभरातले पाळक आद्याक्षरांनीच माहीत होते, स्वतःच्या मंडळीतल्या पाळकांचं पाळण्यातलं नावही त्यांना सांगता आलं नसतं.

"हुकेमा," त्यांनी मान डोलावली. "फ्रिसलंडचा माणूस. तिकडचे सरळ बोलणारे असतात." आणि परत वळताना म्हणाले, "चांगलं शोधलंस."

ते दोन शब्द मनाशी धरूनच लाइसबेतने त्या संध्याकाळी आईबरोबर रविवारचे बटाटे सोलून पाण्यात टाकले.

रविवारी सकाळी ते ओळीने निघाले. पुढे बाबा काळ्या सुटात, मग आई निळी हॅट एका हाताने दाबून धरत, मग मुलं. बांधावरून पोहायला निघालेल्या मुलांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. लाइसबेतच्या पंधरा वर्षांच्या भावाने, हार्मनने, त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मान पुढे," आई म्हणाली.

"मान पुढेच आहे, आई. डोळेच तेवढे वळलेत."

ते पुढून तिसऱ्या बाकावर बसले. ऑर्गन वाजू लागला. बाजूच्या दारातून मंडळीतले ज्येष्ठ आले. त्यांच्याबरोबर काळा झगा घातलेली, पांढरे केस आखूड कापलेली एक बाई होती. कुणाची तरी बायको असेल, असं लाइसबेतला वाटलं. मग वाटलं, ऑर्गन वाजवणारी असेल, पण ऑर्गन तर वाजतच होता. एका ज्येष्ठाने त्या बाईशी हस्तांदोलन केलं, ती क्षणभर मान खाली घालून उभी राहिली आणि उपदेशपीठाच्या पायऱ्या चढून वर गेली.

लाइसबेतने फोनवरचे आपले प्रश्न मनात मोजले. तिने स्तोत्रांबद्दल विचारलं होतं, भाषांतराबद्दल विचारलं होतं, हॅटबद्दलसुद्धा विचारलं होतं. पाळक पुरुष आहे का, हे विचारायला ती विसरली नव्हती. असा प्रश्न असू शकतो, हेच तिला माहीत नव्हतं. समुद्र ओला आहे ना, असं कुणी विचारून घेतं का?

"हुकेमा," हार्मन ओठ न हलवता बाबांचं काल रात्रीच्या जेवणावेळचं वाक्य पुटपुटला. "सरळ बोलणारा माणूस."

तिने बाकाखालून त्याच्या पायावर टाच दिली आणि हळूच बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोंबड्यांच्या शेडमधली वीज गेली की जसा होतो तसा झाला होता. राग नव्हता त्यावर, कान टवकारल्यासारखा दिसत होता. बाईने उपदेशपीठावर उभं राहावं, हे त्यांच्या लेखी देवाच्या आज्ञेविरुद्ध होतं. पण उपासनेच्या मध्यातून पाय काढणं, हेही त्यांच्या घरी कुणी कधी केलेलं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच सकाळी समोरासमोर येतील, याची सोय त्यांच्या आयुष्यात कुठेच केलेली नव्हती.

बाईंनी स्तोत्र सांगितलं. जुन्याच रचनेतलं होतं. पण इथली मंडळी ते भराभर गात होती, आणि व्हान खिंकेल प्रत्येक स्वर पूर्ण लांबवत घरच्यासारखं गात होते. त्यामुळे सगळं चर्च थांबलं तरी आई आणि यानेके मागे राहिलेले दोन शब्द गातच होत्या. बाबांचे ओठ हलत होते. आवाज येत होता का, ते लाइसबेतला ऑर्गनमुळे कळलं नाही.

मग दहा आज्ञा वाचून झाल्या. बाई म्हणाल्या, "आपण प्रार्थना करू या."

बाबा उभे राहिले.

सगळ्या चर्चमध्ये फक्त तेच. आईचा हात तिच्या पर्सकडे गेला. हार्मन अर्धवट उठला, परत बसला, परत अर्धवट उठला. यानेकेने कोट उचलला.

घरच्या मंडळीत प्रार्थनेला सगळे पुरुष उभे राहतात, बायका बसून असतात. इथे कुणीच उभं नव्हतं. म्हणजे बाबा प्रार्थनेला उभे होते, किंवा मग ते निघाले होते आणि बाहेरच्या कडेला बसलेल्या हार्मनने सरकून जागा देण्याची वाट पाहत होते. दोन शक्यता होत्या, आणि डोळ्यांना जे दिसत होतं ते दोन्हींना सारखंच लागू पडत होतं. लाइसबेतने पुरावा शोधला. पाय? बाकाला लागलेले. हॅट? हातात. पण ती चर्चमध्ये हातातच असते. डोळे? त्या कोनातून दिसत नव्हते.

बाईंनी वर पाहिलं. त्यांनी बाबांना पाहिलं, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "हे प्रभू."

बाबा हलले नाहीत. प्रार्थना लांबली. आजारी माणसांसाठी झाली, समुद्रावर गेलेल्यांसाठी झाली, सुट्टीत घराबाहेर असलेल्यांसाठी झाली. "आमेन" झाल्यावर बाबा खाली बसले.

आता उपदेश, आणि उपदेश म्हणजे पेपरमिंट. उपदेश सुरू झाला की आई पर्सचा चाप उघडते आणि पेपरमिंटची गोळी हातोहात बाकाच्या टोकापर्यंत जाते, हे लाइसबेत जन्मापासून पाहत होती. आज आईची बोटं चापावर होती आणि चाप उघडत नव्हता. समोर चाललंय त्याला उपदेश म्हणायचं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"आई, पेपरमिंट," यानेके म्हणाली. दोन बाकांना ऐकू गेलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी समोरच बघत तळहात पुढे केला. चाप वाजला.

उपदेश मान्न्यावर, देवाने आकाशातून पाडलेल्या अन्नावर, होता. वाळवंटात लोकांना सहाव्या दिवशी दुप्पट मिळालं, म्हणजे सातव्या दिवशी गोळा करायला नको. तरीही काही जण सातव्या दिवशी बाहेर पडले, आणि त्यांना काहीच सापडलं नाही. लाइसबेतला काल पाण्यात टाकलेले बटाटे आठवले. एका शब्दालाही हरकत घेता येईना, आणि त्यामुळे ती जास्तच गोंधळली.

दाराशी बाई सगळ्यांचा निरोप घेत होत्या. "तुम्ही उभे राहिलात," त्या बाबांना म्हणाल्या. "माझे आजोबा राहायचे. आता इथे कुणी राहत नाही."

बाबांनी मान लववली. हॅट त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, त्यामुळे हात मिळवायला हात मोकळा नव्हता. एरवी ते हॅट एका हातात धरतात.

परतीच्या वाटेवर ते एकटेच पुढे गेले. हार्मन लाइसबेतच्या शेजारी आला.

"गेलं तुझं ख्रोनिंगन."

"त्यांनी पेपरमिंट घेतलं."

"घसा कोरडा पडला असेल. शाळेतल्या परीक्षेत असा पुरावा चालला का तुझा?" मग त्याने आवाज खाली आणला. "मी चूक शोधत होतो गं, पूर्ण वेळ. एक सापडली नाही. आता बाबा काय करणार?"

काय करणार ते दुपारी कळणार होतं. रविवारी दोन उपदेश ऐकायचेच, आणि योग्य चर्च नसेल तिथे बाबा जुन्या उपदेशांच्या जाड पुस्तकातून वाचून दाखवत. दुसऱ्या उपासनेलाही हुकेमाबाईच होत्या, तेव्हा तिकडे कुणी जाणार नव्हतं. बाबांनी एकच उपदेश वाचला, तर सकाळचा धरला. दोन वाचले, तर सकाळ जमेतच नाही. हार्मनलाही हे कळलं होतं. सूप आणि बटाटे झाल्यावर दोघं कॅराव्हॅनला जोडलेल्या तंबूच्या कापडाखाली कधी नव्हे इतक्या लक्षपूर्वक बसली.

बाबांनी पहिला उपदेश वाचला. पान उलटलं. दुसऱ्याचं वचन वाचलं, मग पहिलं वाक्य. मग ते थांबले, त्या वाक्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले, आणि पुस्तक मिटलं.

"पुरे," ते म्हणाले. "लाइसबेत, फिरायला येतेस?"

हार्मनने बहिणीकडे बघून खांदे उडवले. एक आणि थोडासा. याचा अर्थ काय घ्यायचा?

बांधावर वारा होता. ओहोटी लागली होती आणि क्षितिजापर्यंत तळ उघडा पडला होता. चिखलावर जिकडेतिकडे वाळूच्या बारीक दोरांची वेटोळी पडलेली होती.

"हे काय असतं?" बाबांनी विचारलं.

"किडा असतो, बाबा, खाली. वाळू गिळतो, खाण्यासारखं असेल ते ठेवतो, बाकीची अशी बाहेर टाकतो."

"त्याला कळतं, काय ठेवायचं ते?"

"कळतं की नाही, माहीत नाही. पण ठेवतो."

बाबा पुन्हा त्या वेटोळ्यांकडे पाहू लागले. लाइसबेतला आता धीर धरवेना. "बाबा, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

"पाटी मीही वाचली."

"पण ठिकाण मी..."

"मी म्हटलं ना, पाटी मीही वाचली."

ते चालू लागले. ती मागून निघाली. मेंढ्या बाजूला सरकल्या.

"तुम्ही जायला उठलात, की प्रार्थनेला?"

उत्तर येणार नाही, असं तिला वाटलं. वडिलांना असं विचारायची त्यांच्या घरी रीत नव्हती.

"उठलो तेव्हा जायचं होतं," बाबा म्हणाले. "मग तिने प्रभूचं नाव घेतलं. त्या नावाला पाठ कशी करायची? आमेन झालं तेव्हा बसलो. मधलं मला विचारू नकोस." थोडं चालून ते म्हणाले, "मी बरोबर केलं का, ते मला माहीत नाही."

लाइसबेतने चालणं थांबवलं. हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. त्याचं काय करायचं, ते तिला कळेना. आनंद व्हायला हवा होता का? तिला थोडी भीती वाटली, लहानपणी गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर उभं असताना खालून आवाज आला की वाटायची तशी.

"ख्रोनिंगनला," बाबा समुद्राकडे बघत म्हणाले, "खोलीपासून चर्च पायी किती?"

"जवळ आहे. कालव्याच्या पलीकडे."

"उपदेश कोण करतं?"

"पाळक य. ब्राउअर," ती चटकन म्हणाली. मग स्वतःशीच अडखळली. "य."

"पूर्ण नाव विचार."

"विचारते. आणि बाबा, बाईचं निघालं तर?"

वाऱ्याने त्यांची हॅट उचलली. ती त्यांनी दोन्ही हातांनी पकडली आणि तशीच छातीशी धरून ठेवली.

"तर मला आधी सांगून ठेव," ते म्हणाले. "म्हणजे मी आलो आणि उभा राहिलो, की दचकणार नाहीस."