मानेतले राखणदार

मी गावची आशा ताई, सरकारी आरोग्य स्वयंसेविका. गावातल्या वीस-बावीस जणांना मी टीबीच्या गोळ्या गिळायला लावल्यात, शिव्या घालून घालून. पण माझ्या सख्ख्या भावाच्या, अनंताच्या घरातच माझं काही चालेना.

त्याची राही, सोळा वर्षांची. मानेला गाठ आली. शहापूरला सुई घालून तपासली, तर गाठीचा टीबी निघाला. सहा महिने गोळ्या. दीड महिना सगळं सुरळीत, पोरगी पोटभर जेवायला लागली, अन् अचानक गाठ लिंबाएवढी झाली. शेजारी आणखी दोन उठल्या.

अनंता म्हणाला, "बाय, तुझ्या गोळ्यांनीच वाढली. आता बंद."

लडकू भगत येऊन गेला होता. राहीच्या मानेला हात न लावताच मागे सरला म्हणे. "हितं राखणदार बसलेत. तुमी त्यांना डिवचलं."

मी जाम भडकले. "राखणदार गावाच्या शिवेवर बसतात, मानेत नाय!" अनंताला चांगलं झाडलं. राही मात्र शांत. म्हणाली, "आत्या, खरंच बसलेत. मी हात ठेवला की गप होतात."

गोळ्या बंद होऊन पाच दिवस झाले होते. असंच चाललं तर पोरगी हातची जाईल, या भीतीने मला अन्न गोड लागेना. सहाव्या दिवशी तिला ओढत शहापूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला गाठीच्या नमुन्याची काच मायक्रोस्कोपखाली दाखवली. जांभळ्या पेशींचं रिंगण. त्यातल्या काही एकमेकींत विरघळून एकच थोराड पेशी झालेली, तिच्या कडेने गोल ठिपके, डोळेच जणू. रिंगणाच्या मध्ये काहीच नाही. मेलेली जागा.

"या राहीच्याच पेशी," बाई म्हणाल्या. "जंतूला घेरून बसतात. मारता आला नाही तरी उठत नाहीत, जागेवरच मरतात. गोळ्यांनी जंतू फुटले, त्यांचे तुकडे बाहेर पडले, तशा या चवताळून धावल्या. गाठ वाढली ती जंतूंमुळे नाही, या राखणदारांमुळे. पण गोळ्या थांबवल्या तर जंतू जिंकतील."

मी चमकले. तो शब्द मी बाईंना सांगितलाच नव्हता.

परत आले ती सरळ लडकूकडे, नाक मुठीत धरून. त्याने सगळं ऐकलं. माझ्याबरोबर अनंताच्या दारात आला अन् म्हणाला, "राखणदारांना राखण द्यावी लागंल, त्यांचा निवद. रोज. या गोळ्या हीच राखण."

दुसऱ्या दिवसापासून अनंता पळसाच्या पानावर गोळ्या मांडायला लागला. एक दिवस चुकला नाही.

सहा महिने पुरे होईतो गाठी ओसरल्या. एकच वाटाण्याएवढी राहिली. "राहू दे," बाई म्हणाल्या, "आता तिथं जंतू नाहीत."

"अन् राखणदार?" राहीने विचारलं.

"ते असतील. कितीतरी जणांच्या छातीतसुद्धा जंतूला घेरून जन्मभर बसलेले असतात, कळतही नाही. तुझ्या आत्याच्याही असतील."

राही आता जेवताना चिमूटभर भात पानाबाहेर काढते अन् मानेला हात लावते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडणारच होते. ओरडले नाही, माझं मलाच नवल वाटलं.

परवा घरी एकटीच जेवायला बसले होते. सहज हात छातीवर गेला, अन् आत कुणीतरी गप झालं.

मी मुकाट्याने भात काढून ठेवला.