तिसरी मोजणी

कात्री हरवली की आधी नव्या माणसाकडे पाहायचं, हा नियम कुठल्याही कार्यालयात लिहून ठेवलेला नसतो. पण तो पाळला जात नाही असं एक तरी कार्यालय दाखवा!

ही गोष्ट एका रुग्णालयाच्या तळमजल्यावरची. तिथे निर्जंतुकीकरणाचा विभाग होता. ऑपरेशनमध्ये वापरलेल्या कात्र्या, चिमटे, पकडी तिथे रक्ताने माखून यायच्या. त्या धुवायच्या, वाळवायच्या, मोजायच्या, दुहेरी कापडात बांधायच्या, वर फिकट रंगाची चिकटपट्टी लावायची आणि सगळा सेट वाफेच्या मशीनमध्ये घालायचा. पुरेशी वाफ लागली की त्या चिकटपट्टीवर काळे पट्टे उमटतात. काळे पट्टे दिसले की सेट वापरायला मोकळा. बांधण्यापूर्वी मोजणी दोनदा व्हायची, एकदा बांधणाऱ्याची आणि एकदा शेजारच्याची.

या विभागाच्या प्रमुखांना सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत. कामाला चोख, बोलायला रोखठोक. त्यांच्या हाताखाली त्या वर्षी एक शिकाऊ तंत्रज्ञ आला. पोरगा सव्विशीचा, बोलणं बेताचं, हात मात्र सफाईचा. मुलाखतीत कोणी विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं होतं.

“मी तुरुंगात होतो, सिस्टर. दुकानफोडी. बाकीचे आत गेले, मी बाहेर गाडी चालू ठेवून बसलो होतो. शिक्षा पूर्ण भोगली. बारावी आतच केली. आता हा कोर्स करतोय. इथली उमेदवारी पुरी झाली तर शेवटच्या परीक्षेला बसता येईल.”

मोठ्या सिस्टरनी त्याला घेतला. माणसं कमी होती हे एक कारण; आणि आपण मन मोठं केलं, याचं थोडं समाधानही होतं. ते समाधान एकटीने भोगवेना, म्हणून त्यांनी स्टोअरच्या बाईंना विश्वासात घेतलं.

“तुझ्यापाशीच ठेव हं.”

स्टोअरच्या बाईंनी स्वतःपाशीच ठेवलं, फक्त जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सुट्टी संपता संपता बातमी लिफ्टवाल्यापर्यंत पोचली होती. संध्याकाळी कोणीतरी ‘सरकारचा पाहुणा’ म्हणालं आणि दुसऱ्या दिवसापासून पोराचं नाव ‘पाहुणे’ पडलं. “काय पाहुणे, चहा घेणार का?” असं सेटची ट्रॉली वर-खाली नेणारे ट्रॉलीमामा हसत विचारायचे. तोही हसायचा आणि चहा घ्यायचा.

मोठ्या सिस्टरना हे नाव आवडत नव्हतं. पण मूळ बातमी आपल्याच तोंडून फुटली हे माहीत असल्यामुळे थांबवायला त्यांची जीभही रेटत नव्हती.

त्यांनी दुसरंच काहीतरी सुरू केलं होतं. दुपारी सगळे जेवायला गेले की त्या मागे थांबायच्या. मशीनमधून निघालेल्या सेटमधले फक्त त्याचे सेट वेगळे काढायच्या, कापड सोडायच्या, अवजारं मोजायच्या, पुन्हा बांधायच्या, नवी चिकटपट्टी लावायच्या आणि पुढच्या फेरीत तो सेट परत वाफेला घालायच्या. ही तिसरी मोजणी कोणाला माहीत नव्हती. तिच्यात कधी काही कमीही निघालं नाही. पण संशयाचं एक असतं. पुरावा मिळाला नाही म्हणून तो विरत नाही. चोर आपल्याला वाटला त्याहून हुशार आहे, असं ठरवून तो मोकळा होतो.

एका दुपारी अशीच मोजणी उरकून त्यांनी सेट बांधला, नवी पट्टी लावली आणि तेवढ्यात वरून बैठकीला बोलावणं आलं. सेट टेबलावर तसाच ठेवून त्या गेल्या. बैठकीत नव्या मशीनच्या खर्चावरून खडाजंगी झाली. परत आल्या तेव्हा डोकं तापलेलं होतं आणि टेबल रिकामं होतं. ट्रॉलीमामा तयार सेट समजून तो वर देऊन आले होते. मोठ्या सिस्टरना त्या सेटची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरमध्ये खुब्याचं हाड मोडलेली एक आजी टेबलावर होती. पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. थिएटरच्या सिस्टरनी सेट उघडायला घेतला आणि त्या ओरडल्या, “थांबा! या पट्टीवर पट्टे उमटलेलेच नाहीत!”

सेट बाजूला झाला. दुसरा मागवला, तो दुसऱ्या इमारतीतून यायला वेळ लागला. तोवर आजी अर्धी बधिर, अर्धी घाबरलेली अशी गार टेबलावर पडून होती. “काय झालं गं? माझं काही चुकलं का?” असं ती प्रत्येकीला विचारत होती.

ऑपरेशन पार पडलं. पण दुपारच्या आत अधीक्षक साहेबांच्या खोलीत सगळे उभे होते.

“सेट कोणी बांधला होता?”

“मी, साहेब,” शिकाऊ म्हणाला.

“मशीनमध्ये न घालताच पाठवलास?”

“घातला होता, साहेब. काळे पट्टे मी स्वतः पाहिले.”

“मग काय, रात्रीतून पुसले गेले?”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. स्टोअरच्या बाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणाल्या, “जित्याची खोड, दुसरं काय!”

पट्टे उमटले नाहीत म्हटल्याबरोबर मोठ्या सिस्टरना ते टेबल आठवलं, ती दुपार आठवली. आत्ता बोलायला हवं होतं. साहेब त्यांच्याकडे वळले.

“बाई, विभाग तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं?”

“चौकशी… करते, साहेब.”

“करा. उद्या सकाळी याच्याबद्दलचा शेरा द्या. एक लक्षात घ्या, शेरा वाईट गेला तर कॉलेज याला परीक्षेला बसवणार नाही. आणि याच्यासारख्याला दुसरं रुग्णालय दारात उभं करणार नाही. विचार करून द्या; पण द्या.”

जाताना शिकाऊने दार हळूच ओढून घेतलं. त्या दिवशी त्याने उरलेले सगळे सेट नेहमीसारखेच बांधले, आणि ते पाहणं मोठ्या सिस्टरना जड गेलं. त्याने आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी घरी मोठ्या सिस्टरचे बाबा इस्त्री करत होते. जन्मभर न्यायालयात कारकुनी केलेले बाबा निवृत्त झाल्यापासून घरातले कपडे कोणाला हात लावू देत नसत. लेकीचा पांढरा युनिफॉर्म ते असा करायचे की घडीवर बोट कापावं.

“चेहरा का चुरगळलाय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. कोणाच्या तरी चुकीमुळे आज एका पोराला बोलणी बसली.”

“कोणाच्या तरी?” बाबांनी इस्त्री उभी केली. “कोर्टात साक्षीदार ‘कोणीतरी’ म्हणाला की आम्ही ओळखायचो, गडी स्वतःबद्दल बोलतोय.”

मग मात्र मोठ्या सिस्टरनी सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. “पण मी सावध राहायला नको का? विभाग माझ्या गळ्यात आहे. चोरीतला माणूस आहे तो!”

“होता.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. शिक्षेचे हुकूम मी आयुष्यभर टाइप केले. प्रत्येकात मुदत असायची. जन्मठेपसुद्धा निदान ‘जन्मठेप’ असं लिहूनच द्यावी लागते. मुदत न सांगता माणसाला डांबायची सोय न्यायाधीशांनाही नव्हती. ती तू केलीस. आरोप नाही, साक्ष नाही, निकाल नाही आणि सुटकेची तारीखही नाही!”

“मी कुठे शिक्षा केली? नुसतं मोजलं.”

“बाकीच्यांचे सेट उघडलेस कधी?”

मोठ्या सिस्टरनी नजर इस्त्रीकडे वळवली.

“सावध माणूस समोर मोजतो आणि सगळ्यांचं मोजतो. पाठीमागे एकट्याचंच मोजणं याला सावधपणा म्हणत नाहीत.”

“सांगितलं तर माझी इतक्या वर्षांची इभ्रत जाईल, बाबा.”

“थोडी जाईल. बोलणी खाशील, लेखी समज मिळेल. तुझ्या चुकीला लोक चूक म्हणतील, पोरी, आणि महिन्याभरात विसरतील. त्याच्या न केलेल्या चुकीला मात्र त्याचा स्वभाव म्हणतील. ते कोणी विसरेल का?”

बाबांनी युनिफॉर्म हँगरला अडकवला. मोठ्या सिस्टर त्या पांढऱ्या कपड्याकडे पाहत राहिल्या. सेट त्याने धुतला होता, वाळवला होता, वाफेत घालून स्वच्छ केला होता. त्यात कणभर खोट नव्हती. तो मळवला कोणी? आपल्याच हातांनी! ज्या हातांना आपण रुग्णालयातले सगळ्यात स्वच्छ हात समजत होतो, त्याच हातांनी!

सकाळी साहेबांच्या खोलीत तीच माणसं त्याच जागांवर उभी होती.

“शेरा आणलात?”

“आणलाय, साहेब. पण तो माझ्याबद्दल आहे,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “सेट याने बरोबर केला होता. पट्टे काळे झाले होते. मी तो नंतर उघडला, मोजला, नवी पट्टी लावली आणि पुन्हा वाफेला घालायची विसरले.”

स्टोअरच्या बाईंना खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागलं.

“का उघडलात?”

“हा तुरुंगातून आलाय म्हणून.”

“असं किती वेळा केलंत?”

“हा आल्यापासून.”

“कधी काही कमी निघालं?”

“एक सुईसुद्धा नाही.”

“मग थांबवलं का नाहीत?”

साहेब टेबलावर बोटं वाजवत उत्तराची वाट पाहत राहिले, मग म्हणाले, “लेखी समज मिळेल. बढतीचा विचार या वर्षी होणार नाही. आणि त्या आजीच्या नातेवाइकांना तुम्ही स्वतः जाऊन हे सांगायचं.”

त्या गेल्या. आजीच्या मुलाने कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत त्यांना खरमरीत सुनावलं. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यातला एकही शब्द त्यांना अन्यायाचा वाटला नाही.

खाली विभागात शिकाऊ कापडांच्या घड्या घालत होता. मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“वर म्हटलं ते साहेबांना म्हटलं. आता तुला म्हणते. माझं चुकलं. तुझे सेट मी चोरून उघडत होते.”

“माहीत होतं, सिस्टर.”

“माहीत होतं?”

“तुमची घडी डावीकडून येते. मी उजवीकडून घालतो.”

“मग काल बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? मोठ्या सिस्टरनी सेट उघडला, असं मी म्हणायचं आणि ते खरं मानायचं कोणी?” त्याने कापडावरून तळहात फिरवला. “आतमध्ये आम्हाला रोज मोजायचे. उठल्यावर मोजायचे, जेवणाआधी मोजायचे, बराकीत घालताना मोजायचे. सुटलो तेव्हा वाटलं, मोजणं संपलं. इथे पहिल्यांदा घडी उलटी दिसली तेव्हा कळलं, अजून चालूच आहे.”

मोठ्या सिस्टरचे डोळे भरून आले. “मला माफ कर,” त्या म्हणाल्या.

तो ‘जाऊ द्या’ म्हणाला नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, “अवजारं वाळलीत, सिस्टर. बांधायला घेऊ?”

माफी मागणाऱ्याला ती लगेच मिळायलाच हवी, असा हक्क नसतो. मोठ्या सिस्टरना तेही त्या दिवशी कळलं.

विभागात नवा नियम झाला. बांधून वाफेला गेलेला सेट कोणीही उघडायचा नाही. बांधण्याआधीची दुसरी मोजणी होतीच, ती आता प्रत्येकाच्या समोर, मोठ्याने आणि हुद्दा न पाहता करायची. मोठ्या सिस्टर स्वतः सेट बांधायला बसल्या. ट्रॉलीमामा दारात रेंगाळले.

“पाहुणे, चहा…” ते सवयीने म्हणून गेले आणि जीभ चावली.

“पाहुणा गेला, मामा,” शिकाऊ म्हणाला. “आता घरचाच समजा. साखर जास्त टाका.”

मामांसकट सगळे हसले. मग तो मोठ्या सिस्टरच्या टेबलाशी आला. “तुमचा सेट मी मोजतो.”

“मोज.”

त्याने एकेक अवजार उचलून, मोठ्याने आकडा म्हणत मोजलं. शेवटी थांबला.

“एक कात्री कमी आहे, सिस्टर.”

सगळ्यांचे हात जागीच थांबले. मोठ्या सिस्टरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आपल्याकडे अशा नजरा वळल्या की कसं वाटतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. शिकाऊने मात्र त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्याने वाकून टेबलावरच्या कापडाचं टोक उचललं. त्यांच्या कोपराखाली कात्री होती. त्याने ती सेटमध्ये ठेवली.

“हरवली नव्हती. कापडाखाली गेली होती,” तो म्हणाला आणि पुढच्या सेटकडे वळला.

मोठ्या सिस्टरनी त्याच्या कामाबद्दल दिलेला शेरा चांगला होता, तो परीक्षेला बसला आणि पासही झाला, हे सांगायला आनंद वाटतो. पण धडा तिथे नाही. शिक्षा भोगून, शिकून, पुन्हा उभा राहू पाहणारा माणूस आपल्या कार्यालयात, वर्गात, शेजारात कधी ना कधी येतो. त्याचा हिशेब न्यायालयाने चुकता केलेला असतो. तो पुन्हा उघडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. आपल्याकडे कात्री हरवली तर ती जरूर शोधावी. फक्त नव्या माणसाच्या खिशाकडे पाहण्याआधी, एकदा आपल्या कोपराखालचं कापड उचलून पाहावं.