टोपीतला पावटा

मी एक जुनी तीनकोनी टोपी आहे. काळी, बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांची. मित्रांनो, माझ्या कपाळावर एक भोक आहे. ते नसते, तर मला सांगण्यासारखे काही उरलेच नसते.

अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका टोपीवाल्याने मला वाफ देऊन, थापटून घडवले आणि जोथम विंचेल नावाच्या तरण्या शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवले. थोड्याच दिवसांत इंग्रजांशी लढाई जुंपली. जोथम कॅप्टन झाला. एका सकाळी गोळी मला भेदून गेली, पण त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. शेजारी लढणाऱ्या प्राइमसने तंबूत बसून मला आतून ठिगळ लावले. प्राइमस गुलाम होता. "लढून ये, तुला मोकळं करतो," असा शब्द त्याचा मालक हॅचर याने दिला होता. लढाई संपली, प्राइमस परतला आणि हॅचरने चक्क कानांवर हात ठेवले.

कॅप्टन भडकला. "राज्याच्या सभेत जाऊन कायदाच करून आणतो!" म्हणत निवडणुकीला उभा राहिला.

आमच्या गावात मते टोपीत पडत. मक्याचा दाणा म्हणजे होय, पावटा म्हणजे नाही. त्या दिवशी सभा चालवणारे म्हातारे टटल आपली टोपी घरीच विसरले.

"आण रे तुझीच, जोथम," ते म्हणाले. "भोक असलं म्हणून काय झालं, ठिगळ आहे ना!"

अबब, केवढा माझा मान! बंद मुठी एकामागून एक माझ्यात येत होत्या. कुणी काय टाकले, हे बघायला मी अगदी आसुसले होते. टटलनी दाणे मोजले. मका एकाने जास्त भरला. कॅप्टन निवडून आला!

बाहेर त्याची बायको थँकफुल आणि घोडा धरून उभा असलेला प्राइमस वाट पाहत होते. कॅप्टनने मला डोक्यावर चढवले आणि तो थबकला. काहीतरी टोचत होते. त्याने ठिगळामागे बोट घातले. आत पावटा होता.

म्हणजे बरोबरी!

"अहो, टाका तो घोड्याला नि चला घरी," थँकफुल कुजबुजली. "कोण बघतंय?"

कॅप्टनने प्राइमसकडे पाहिले. "तू सांग. काय करू?"

"मला विचारू नका, कॅप्टन," प्राइमस खाली मान घालून म्हणाला. "विचारलंत, तर 'गप्प राहा' असंच म्हणेन."

हॅचरने शब्द मोडला म्हणून हा माणूस निवडणुकीला उभा राहिला होता. तो वळला, आत गेला आणि पावटा टेबलावर ठेवला.

"वेडा आहेस का रे?" टटल ओरडले. "जिंकला होतास ना!"

"मोजणी चुकली होती, काका. पुन्हा मत घ्या."

पुन्हा मुठी आल्या. या वेळी मी ठिगळ घट्ट आवळून धरले. मका ओंजळभर जास्त निघाला. पावटे टाकणाऱ्यांपैकी कोणाकोणाचे मन फिरले? अजूनही मला त्याचे कुतूहल आहे.

कायदा काही एका फटक्यात झाला नाही. कॅप्टन वर्षानुवर्षे सभेत भांडला, त्याचे केस पिकले, मीही विटले. पण प्राइमस मोकळा झाला, त्याने जमीन घेतली आणि एका वसंतात मत द्यायला आला. टोपी मीच होते. मला ठिगळ लावणारा तो हात मी लगेच ओळखला. त्याने मूठ माझ्यात उघडली.

बाहेर कॅप्टनने त्याला गाठलेच. "काय टाकलंस रे? मका ना?"

"मला विचारू नका, कॅप्टन," प्राइमस म्हणाला आणि पोट धरधरून हसला.

मित्रांनो, आता मी काचेच्या कपाटात असते. जुन्या वस्तू जपा, कसर लागू देऊ नका. माझ्यासारखी टोपी हाती आली, तर ठिगळामागेही बोट घालून बघा. मात्र कुणी तिच्यात मूठ उघडत असेल, तर तोंड दुसरीकडे फिरवा. प्राइमसने काय टाकले, ते मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही.