आधी गवरी की आधी मी

रोहण्याला माझं सासर. चोपन्न सालच्या श्रावणात आमच्या घरी दोघींचे दिवस भरत आले होते. एक मी, दुसरी गोठ्यातली गवरी गाय. आल्यागेल्याची नजर आधी माझ्या पोटावर जायची, मग तिच्या.

कारण असं की माझे सासरे डोमाजी पन्नास साली ऐन पोळ्याच्या दिवशी गेले. तोरणाखालून बैल घेऊन आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं, आणि तांब्या बाहेर येईपर्यंत मान कलली. आमच्या घराण्याची रीत अशी की सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं तर त्या घराचा तो सण बंद. पुन्हा कधी सुरू करायचा? तर त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तर. तोवर गावाचे बैल झुली घालून मिरवणार आणि आमचे दावणीला शेण तुडवत उभे राहणार. आमचे हे त्या दिवशी सकाळीच शेतावर निघून जात. ढोल ऐकवत नसे त्यांना.

सासूबाईंचं, देवकाबाईंचं, ठरून गेलं होतं. येईल त्या बाईला सांगत, "गाय काय, कव्हाही व्याईन. पण सुंदरा पोळ्याले बाळंत झाली तं म्हातारा माघारी आला समजा. नावही त्याचंच ठेवू." बाया माना डोलवायच्या. मी आत चुलीपाशी भाकरी अशी थापायची की परात वाजायची.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी ज्या दिवशी जन्मले त्याच दिवशी माझा थोरला भाऊ तापानं गेला. दरवर्षी आई मला ओवाळायला निरांजन हातात घ्यायची आणि अर्ध्यात पदर डोळ्याला लावायची. त्या दिवशीचा शिरा मला कधी गोड लागला नाही. आपण काहीतरी हिसकावून आलोय असंच वाटायचं. माझ्या लेकराला असला उष्टा दिवस मला द्यायचा नव्हता. मग पोळा बंद राहिला तरी चालेल, असं मनातल्या मनात मी कितीदा म्हटलं.

पोळा उजाडला आणि माझी कंबर दुखायला लागली. मी कोणाला सांगते कशाला! दात आवळून झाडलोट केली, पाणी भरलं. दुपारी गोठ्यात गेले आणि गवरीच्या गळ्याला हात टाकून म्हटलं, "गवरे, आज तू मोकळी हो वं बाई. मी नाई होत." तिनं माझ्याकडे पाहून नुसतं रवंथ केलं.

तेवढ्यात एक कळ अशी आली की मी खुंटा धरून खाली बसले. मागून सासूबाई आल्या होत्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"कळा सुरू झाल्या? सकाळपासून? अन् सांगतलं काऊन नाई?"

मग माझं तोंड सुटलं. "नाई सांगत! तुमाले म्हातारा पाह्यजे, मले माह्यं लेकरू पाह्यजे! माह्या मायनं मले एकदाबी हासून नाई ओवाळलं. तुमीबी दर पोळ्याले ह्याच्याकडं पाहून रडसान!" आणि भावाचं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंपुढे एवढा आवाज मी कधी चढवला नव्हता. आता काय होतंय म्हणून अंग चोरून बसले.

त्यांनी मला हाताला धरून उठवलं आणि गोठ्यातल्याच बाजेवर टेकवलं. मग पदर खोचला. "तू बाजेवर पडून राह्य. हलू नको," म्हणाल्या. "मी गवरीपाशी बसतो."

आणि बसल्या. गावात ढोल सुरू झाले तशी गवरीही बेचैन झाली, उठबस करायला लागली. वासराचा एकच पाय बाहेर आला आणि तिथंच अडलं. गाय हंबरत होती, मी बाजेवरून डोकं उचलून पाहत होते. सासूबाईंनी कोपरापर्यंत तेल लावलं, हात आत घातला, दुमडलेला पाय सरळ केला आणि दात-ओठ खाऊन ओढलं. पचकन गोऱ्हा कडब्यावर पडला. त्यांनी त्याचं नाक पुसलं, तोंडात बोट घातलं, आणि तो शिंकला.

"व्याली रे! पोळा सुरू झाला रे आपला!" त्यांचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल.

शेतावरून हे पळत आले. झुली कुठल्या सापडतात! स्वतःचं नवं धोतर फाडून दोन्ही बैलांच्या पाठीवर टाकलं, शिंगांना गेरू फासला आणि तोरण तुटायच्या आत जोडी नेऊन उभी केली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना जेवायचं आवतण द्यायचं असतं. सासूबाई परतलेल्या बैलांपुढे भाकरीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. "कालचं आवतन राह्यलं रे बाप्पा. पुरणही नाई. राग नका धरू, जेवा." बैल जेवले. गोऱ्ह्याचं नाव काय ठेवायचं, हे विचारायची मात्र कोणाची छाती झाली नाही.

माझ्या कळा कधी थांबल्या ते मलाच कळलं नाही. त्या खोट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरली, पोट गप्प. त्याच्या पुढच्या दिवशी भर दुपारी धुरपता सुईणीच्या हातात माझी नलू आली.

मी पहिलं विचारलं, "आज काय हाय वं?"

"आज?" धुरपता जरा आठवत म्हणाली, "काल तान्हा पोळा झाला, उद्या हरतालिका. आज काईच नाई, बाई."

सासूबाई पोरीला पुसत होत्या. त्यांनी तिला माझ्या कुशीत ठेवलं. "बेस झालं," म्हणाल्या. "इले ओवाळतानी कोणाले डोळे नाई पुसा लागणार."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच पदर डोळ्याला लावला, आणि मला हसू आवरेना.