वयाच्या गणिताचा ताळा

"पायरी गाळू नकोस," बाई म्हणाल्या. "कंस न सोडवता पुढे पळालीस तर तोंडावर आपटशील."

खालच्या मजल्यावरच्या मुलीने फळ्यावरची ओळ पुसली. उद्या तिची चाचणी होती, म्हणून बाईंचा नाइलाज झाला. एरवी शिकवणीत वयाची उदाहरणं आली की त्या पान उलटायच्या. कारण त्यांची लेक बाराव्या वर्षी तापाने गेली होती, आणि त्याला आता एक तप झालं होतं. बाई अंगाने ऐसपैस, उभ्या राहिल्या की निम्मा फळा गायब. लेक याच खोलीत मागच्या बाकावर बसून कुरकुरायची, "आई, सरक ना."

उदाहरण तसं सोपं होतं. आई छत्तीस वर्षांची, मुलगी बारा वर्षांची. किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या दुप्पट होईल?

"क्ष वर्षांनी, असं मानू. क्ष दोघींच्या वयात मिळवायचा हं, एकीच्याच नाही."

मुलीने लिहिलं, ३६ + क्ष = २(१२ + क्ष). कंस सोडवला, चोवीस अलीकडे आणले. क्ष बारा आला.

"शाबास. आता ताळा कर."

मुलगी बाईंच्या खांद्यावरून मागे पाहत राहिली. मागे फक्त तो रिकामा बाक होता. मग तिने लिहिलं, आई अठ्ठेचाळीस, मुलगी बारा, चौपट.

"अगं, मुलीची वर्षं कुठे गेली?"

"मी पण तेच म्हटलं. पण ती म्हणते, बाराच लिही. आईचीच वाढली."

"कोण ती?"

"बाकावरची. रोज असते की."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांना याच महिन्यात अठ्ठेचाळीस पूर्ण झाली होती. शिकवणीत कुणी वय विचारलंच, तर "तुझ्या आजीहून लहान" म्हणून त्या उडवून लावायच्या. त्यांना भीती वाटली. त्याहून जास्त भीती वाटली ती मागे वळल्यावर बाक रिकामा दिसण्याची.

"आणखी काय म्हणते?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणते, फळा दिसत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. त्या वळल्या नाहीत.

"चौपट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चाचणीत मात्र चोवीस आणि दुप्पट लिही."

मग मागच्या बाकावरून फळा दिसावा म्हणून त्या एक पाऊल बाजूला सरकल्या.